तुर्कस्तानचा व्यापार आणि त्याचे शेजारी

तुर्कस्तानविषयी बोलताना ‘पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा पूल’ हा शब्दप्रयोग केल्यावाचून सहसा कोणाचे भाषण पुरे होत नाही. नकाशा समोर घेतला तर हे वर्णन खोटे म्हणता येणार नाही. इस्तंबूल शहराचा एक भाग युरोपात, दुसरा आशियात. मधून बॉस्फरसची सुमारे ३० किलोमीटर लांबीची चिंचोळी सामुद्रधुनी गेलेली. पश्चिमेस ग्रीस आणि बल्गेरिया, ईशान्येस जॉर्जिया व आर्मेनिया, पूर्वेस इराण आणि अझरबैजानचा एक तुकडा, दक्षिणेस इराक व सीरिया, असे आठ देश त्याच्या सीमेला लागून आहेत. आणि काळ्या समुद्राच्या पलीकडे रशिया आहे. परंतु पूल स्वतः काही विकत घेत नाही आणि विकतही नाही. तुर्कस्तान हा साडेआठ कोटी माणसांचा देश आहे. त्याला कारखाने चालवावयाचे आहेत, थंडीत घरे उबदार ठेवावयाची आहेत, आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन कोठून तरी मिळवावयाचे आहे. म्हणून या देशाचे परराष्ट्रीय धोरण समजून घ्यावयाचे तर त्याच्या व्यापाराच्या वहीपासून सुरुवात करावी, असे आम्हांस वाटते.

ही वही उघडली की दोन गोष्टी प्रथमदर्शनीच ध्यानात येतात. २०२३ साली तुर्कस्तानने सुमारे २५६ अब्ज डॉलरांचा माल परदेशी धाडला, आणि त्यातील शंभरांपैकी चाळीस डॉलरांचा माल एकट्या युरोपीय संघाने घेतला. त्याच वर्षी त्याने बाहेरून आणलेला माल होता सुमारे ३६२ अब्ज डॉलरांचा. आणि या खर्चाच्या बाजूला खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचा आकडा फार मोठा आहे. तो वायू येतो मुख्यतः रशिया, अझरबैजान आणि इराण यांच्याकडून. थोडक्यात, या देशाची पेठ युरोपात आणि चुलीतले इंधन शेजाऱ्यांकडे.

आता यातील विलक्षण गोष्ट अशी की, गेल्या काही दशकांत यांपैकी बहुतेकांशी तुर्कस्तानचे केव्हा ना केव्हा बिनसले आहे. ग्रीसशी सायप्रसवरून आणि एजियन समुद्रावरून, युरोपशी सभासदत्वावरून, रशियाशी विमान पाडण्यावरून, सीरियाशी उघड वैर, आर्मेनियाशी तर सीमाच बंद. तरीही व्यापार चालू राहिला. सगळा नाही, काही. मग भांडणाच्या दिवसांत कोणता व्यापार चालू राहतो, कोणता थांबतो, आणि थांबलेल्या व्यापाराची किंमत कोण देतो, हाच या लेखाचा विषय आहे.

जुनी जखम

जकात म्हणजे काय हे तुर्की माणसाला इतिहासाने फार कठोरपणे शिकविले आहे. उस्मानी सुलतानांनी सोळाव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांना खास सवलती देण्यास प्रारंभ केला. साम्राज्य बलाढ्य होते तोवर ती सुलतानाची मेहेरबानी होती. साम्राज्य दुबळे झाल्यावर तेच त्याच्या गळ्यातले लोढणे झाले. १८३८ साली इंग्लंडशी बाल्टा लिमान येथे झालेल्या तहाने आयात मालावरील एकूण कर शेकडा ५ वर बांधला गेला, तर देशातून बाहेर जाणाऱ्या मालावर शेकडा १२ कर राहिला. स्वतःचा माल महाग आणि परक्याचा स्वस्त, अशी ही उलटी तऱ्हा होती. पुढे कर्जाचा डोंगर वाढला आणि १८८१ साली धनकोंच्या प्रतिनिधींचे एक स्वतंत्र खातेच इस्तंबूलमध्ये स्थापन झाले. मीठ, तंबाखू, रेशीम अशा वस्तूंवरील महसूल हे खाते परस्पर वसूल करी.

१९२३ च्या लोझान तहाने नव्या तुर्की प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली आणि परकीयांच्या खास सवलती रद्द झाल्या. तथापि जकातीचे दर आणखी पाच वर्षे गोठवून ठेवण्यात आले होते. आपली जकात आपण ठरविण्याचा पुरा अधिकार हाती येण्यास १९२९ साल उजाडले. उस्मानी कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तो १९५४ साली. ज्या साम्राज्याने कर्ज काढले ते नाहीसे झाल्यावर तीस वर्षांनी! हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगितला. कारण पुढे याच देशाने आपल्या जकातीचे दर ठरविण्याचा अधिकार, राजीखुशीने, पुन्हा दुसऱ्याच्या हाती दिला.

युरोपची पेठ

दुसऱ्या महायुद्धानंतर तुर्कस्तानने पश्चिमेची बाजू धरली. १९५२ साली तो नाटोत गेला. १९५९ साली त्याने युरोपच्या सामायिक बाजारपेठेकडे अर्ज केला आणि १२ सप्टेंबर १९६३ रोजी अंकारा येथे सहयोगाचा करार झाला. टप्प्याटप्प्याने जकाती उतरवीत जावयाचे आणि शेवटी पूर्ण सभासदत्वाचा विचार करावयाचा, अशी त्यात योजना होती. याच सुमारास, १९६१ साली, पश्चिम जर्मनीशी मजूर पाठविण्याचा करार झाला. लाखो तुर्की कामगार जर्मनीच्या कारखान्यांत गेले आणि त्यांनी घरी धाडलेल्या पैशाने व्यापारातील तूट कित्येक वर्षे भरून निघाली.

तरीही १९८० पर्यंत तुर्कस्तानची निर्यात अगदीच तुटपुंजी होती. त्या साली ती अवघी तीन अब्ज डॉलरांच्या आत होती, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग तंबाखू, कापूस, हेझलनट, बेदाणे अशा शेतमालाचा होता. उंच जकातीच्या आडोशाला वाढलेल्या कारखान्यांचा माल देशातच खपे. तेलाचे भाव भडकल्यावर परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि देश अडचणीत आला. तेव्हा २४ जानेवारी १९८० रोजी तुर्गुत ओझाल यांच्या पुढाकाराने नवे आर्थिक धोरण जाहीर झाले. लिराची किंमत उतरवण्यात आली, निर्यातीला उत्तेजन मिळाले, आयातीवरील बंधने हळूहळू सैल झाली. दहा वर्षांत निर्यात १३ अब्ज डॉलरांच्या घरात पोहोचली आणि तिच्यात कारखानदारी मालाचा वाटा फार मोठा झाला.

१९८७ साली तुर्कस्तानने पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज केला. ते मिळाले नाही. मिळाला तो जकात संघ. १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला. जकात संघ म्हणजे काय, हे घरगुती उदाहरणाने सांगता येईल. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणांमधील भिंत पाडली आणि बाहेरच्या रस्त्याला एकच दरवाजा ठेवला. आत कोणीही कोठेही जावे, वस्तूंची ने-आण करावी. बाहेरच्यांना मात्र एकाच नियमाने आत घ्यावे. येथवर ठीक. परंतु या घराच्या दरवाज्याच्या किल्ल्या एकाच शेजाऱ्याच्या कमरेला आहेत. बाहेरच्या देशांवर किती जकात बसवावयाची हे युरोपीय संघ ठरवतो. तुर्कस्तानने ती लावावयाची. ठरविण्याच्या बैठकीत त्याला मत नाही, कारण तो सभासद नाही.

याचा परिणाम कसा होतो, ते पाहा. युरोपीय संघाने दक्षिण कोरियाशी मुक्त व्यापाराचा करार केला आणि तो जुलै २०११ पासून लागू झाला. त्या दिवसापासून कोरियाचा माल युरोपच्या बंदरात उतरवून जकातीवाचून तुर्कस्तानात आणता येऊ लागला. तुर्की मालाला मात्र कोरियात तीच सवलत मिळावयास तुर्कस्तानला स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागल्या आणि तो करार लागू झाला मे २०१३ मध्ये. कोरियाने निदान करार केला. ज्या देशाला तुर्कस्तानशी करार करण्याची निकड वाटत नाही तो नुसता स्वस्थ बसून राहिला तरी त्याचे काम होते.

असे असूनही जकात संघाने तुर्कस्तानचे नुकसानच केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुर्सा शहरात १९७१ पासून फ्रेंच व इटालियन कंपन्यांच्या भागीदारीत मोटारी तयार होत होत्या. जकात संघानंतर हे कारखाने युरोपीय बाजारासाठी माल काढू लागले. मोटारगाड्या व त्यांचे सुटे भाग हा तुर्कस्तानच्या निर्यातीतील अग्रभागी असणारा माल झाला. जर्मनीतल्या कारखान्याला लागणारा भाग बुर्साहून वेळेवर आला नाही तर तेथील काम अडते, इतकी ही गुंतवण दाट आहे. राजकीय संबंध बिघडले तरी ती सुटली नाही. २००५ मध्ये सभासदत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. सायप्रसच्या जहाजांना तुर्की बंदरे खुली न केल्यामुळे २००६ मध्ये त्यांतील आठ प्रकरणे रोखून धरण्यात आली. २०१८ मध्ये युरोपीय मंत्रिपरिषदेने त्या वाटाघाटी ठप्प झाल्याचेच जाहीर केले. मोटारी आणि सुटे भाग मात्र जातच राहिले.

पण या गुंतवणीच्या कडेला काही माणसे उभी आहेत. जकात संघात कारखानदारी माल येतो. शेतमाल त्यात मुळातून धरलेला नाही. सेवांचा व्यापारही नाही. त्यामुळे बल्गेरियाच्या सीमेवरील कापिकुले नाक्यावर एक विचित्र देखावा दिसतो. ट्रकमधील मालाला जकात नाही, परंतु ट्रकला परवाना लागतो, परवान्यांचा कोटा असतो, आणि ट्रक हाकणाऱ्या माणसाला व्हिसा लागतो. माल मोकळा आणि माणूस अडलेला, अशा स्थितीत ट्रकचालक रांगांत दिवस काढतात. जकात संघाचा विस्तार करून या त्रुटी दूर कराव्यात, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१६ च्या डिसेंबरात मांडला होता. २०१८ मध्ये मंत्रिपरिषदेने त्यावरही पुढे काम करावयाचे नाही असे ठरविले.

शेजाऱ्यांचे इंधन

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. सोव्हिएत संघाशी वायूचा करार झाला १९८४ मध्ये आणि १९८७ पासून बाल्कन देशांमार्गे वायू येऊ लागला. पुढे काळ्या समुद्राच्या तळातून २००३ मध्ये एक आणि २०२० मध्ये दुसरी, अशा दोन वायुवाहिन्या थेट रशियातून आल्या. इराणचा वायू २००१ च्या अखेरीस सुरू झाला. बाकूहून तिबिलिसीमार्गे भूमध्य समुद्रावरील जेहान बंदरापर्यंत १,७६८ किलोमीटरची तेलवाहिनी २००६ मध्ये चालू झाली. हे सारे नळ एकदा जमिनीत गाडले की ते दुसरीकडे वळविता येत नाहीत. विकणारा आणि घेणारा दोघेही त्यांना बांधले जातात.

या बंधनाची परीक्षा २४ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली. सीरियाच्या सीमेवर तुर्की विमानदलाने एक रशियन लढाऊ विमान पाडले. रशिया संतापला. सहलीची विमाने बंद झाली आणि १ जानेवारी २०१६ पासून तुर्की टोमॅटो, काकड्या, संत्री, द्राक्षे, सफरचंदे, कोंबड्यांचे मांस यांवर बंदी आली. परंतु वायूचा नळ कोणी बंद केला नाही. त्या वेळी तुर्कस्तानला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियाचा होता. नळ बंद केला असता तर इकडे घरे गारठली असती आणि तिकडे रशियाचे मोठे गिऱ्हाईक गेले असते. आणखी एक बारीकशी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बंदीच्या यादीत लिंबे नव्हती. रशियाच्या बाजारात येणाऱ्या लिंबांत तुर्की लिंबांचा वाटा फार मोठा होता. ती बंद केली तर रशियन गृहिणीच्या चहात लिंबू कोठून येणार? एवढ्या संतापातही लिंबाचा हिशेब सुटला नव्हता.

२०१६ च्या जूनमध्ये अंकाऱ्याहून दिलगिरीचे पत्र गेले आणि समेट झाला. एकेक बंदी उठत गेली. सर्वांत शेवटी क्रम लागला टोमॅटोचा, तोही २०१७ च्या अखेरीस, ठरावीक निर्यातदारांसाठी आणि ठरावीक टनांपुरता. दरम्यान रशियात काचघरे उभी राहिली होती आणि त्यांत पैसे घालणाऱ्यांना संरक्षण हवे होते. राष्ट्राध्यक्षांचे भांडण सात महिन्यांत मिटले. अंताल्याच्या टोमॅटो पिकविणाऱ्याचे गिऱ्हाईक मात्र जुन्या अटींवर परत आले नाही.

इराकच्या बाबतीत हेच जरा निराळ्या रीतीने घडले. १९८० ते १९८८ या काळात इराण व इराक एकमेकांशी लढत असता तुर्कस्तान तटस्थ राहिला आणि दोघांनाही माल विकत राहिला. किर्कुकहून भूमध्य समुद्राकडे येणाऱ्या तेलवाहिनीचे भाडेही त्याला मिळे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार ही वाहिनी बंद झाली, ती १९९६ च्या डिसेंबरात उघडली. या सहा वर्षांत हाबूरच्या नाक्यावर अवलंबून असलेल्या आग्नेय तुर्कस्तानातील ट्रकवाल्यांचा धंदा बसला. पुढे दिवस पालटले. २०११ ते २०१३ या काळात जर्मनीच्या खालोखाल तुर्की मालाचे गिऱ्हाईक इराक हेच होते. आणि २०१४ च्या जूनमध्ये मोसूल शहर दहशतवाद्यांच्या हाती पडले तेव्हा तीसएक तुर्की ट्रकचालक ओलीस धरले गेले. ते जुलैमध्ये सुटले.

सीरियाशी २००७ पासून मुक्त व्यापार सुरू झाला आणि २००९ मध्ये व्हिसाची अट निघाली. दोन्हीकडचे लोक सीमा ओलांडून बाजारहाट करू लागले. जॉर्डन व आखाताकडे जाणारे तुर्की ट्रक याच वाटेने जात. २०११ मध्ये सीरियात यादवी पेटली, करार गुंडाळला गेला, रस्ता तुटला आणि ट्रक जहाजांवर चढवून न्यावे लागले. मालाऐवजी माणसे येऊ लागली; पुढच्या काही वर्षांत तुर्कस्तानातील सीरियन निर्वासितांची संख्या ३५ लाखांवर गेली. शेजाऱ्यांशी व्यापार वाढविला की भांडणे आपोआप मिटतील, असा एक आशावाद त्या काळी अंकारा येथे होता. सीरियाने तो खोटा ठरविला.

आर्मेनियाची कथा तर सर्वांत लहान आणि सर्वांत करुण आहे. काराबाखच्या युद्धामुळे तुर्कस्तानने १९९३ मध्ये ही सीमा बंद केली. कार्स आणि ग्युमरी या दोन गावांमधील रेल्वे थांबली. तुर्की माल आर्मेनियात जातच राहिला, पण तो जॉर्जियाला वळसा घालून. म्हणजे आर्मेनियन गिऱ्हाइकाला तो महाग पडला, आणि सीमेलगतच्या कार्सच्या दुकानदाराला या व्यापारातून काही मिळाले नाही. २००९ मध्ये झुरिच येथे सीमा उघडण्याच्या करारावर सह्या झाल्या, परंतु त्यास मंजुरी मिळाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात प्रचंड भूकंप झाला तेव्हा आर्मेनियाहून मदतीचे ट्रक या सीमेवरून आले. तीस वर्षांत प्रथमच.

भांडणाची किंमत

या सर्व उदाहरणांवरून एक सूत्र दिसते. जो माल थांबविला तर दोघांचेही हातपाय बांधले जातील, तो भांडणातही थांबत नाही. वायू, तेल, मोटारींचे भाग हे त्यातले. जो माल थांबविला तर राग दिसेल पण राज्य अडणार नाही, तो पहिल्यांदा थांबतो. टोमॅटो, सफरचंदे, ट्रकची फेरी, सीमेवरच्या गावाचा बाजार हे त्यातले. मे २०२४ मध्ये गाझातील युद्धावरून तुर्कस्तानने इस्राएलशी सर्व व्यापार तोडला. हा या सूत्राला अपवाद वाटेल. परंतु आदल्या वर्षी तुर्की निर्यातीत इस्राएलचा वाटा शेकडा दोनच्या आसपास होता, हे विसरता कामा नये. देशाला तो तोटा सोसण्याजोगा होता. ज्या सिमेंटच्या वा पोलादाच्या कारखान्याचे गिऱ्हाईक तेथेच होते, त्याला तो तसा नव्हता.

हे सूत्र आपल्या दाराशीही येऊन गेले आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या फळबाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले. त्यांची भावना कोणासही समजण्याजोगी आहे. परंतु सरकारने तुर्की मालावर सरसकट बंदी घातली नाही, आणि त्याचे कारण वहीत सापडते. २०२३-२४ मध्ये भारताने तुर्कस्तानला सुमारे ६.६ अब्ज डॉलरांचा माल विकला आणि तेथून सुमारे ३.८ अब्ज डॉलरांचा घेतला. विकणारे आपणच अधिक होतो. सफरचंद थांबले ते इस्पार्ताच्या बागाईतदाराचे. अंकाऱ्यात बसून धोरण ठरविणाऱ्याच्या ताटातले काही कमी झाले नाही.

तुर्कस्तानपुरते बोलावयाचे तर त्याची खरी अडचण वहीच्या तळाशी आहे. २०२२ मध्ये त्याची व्यापारातील तूट सुमारे ११० अब्ज डॉलर होती, आणि त्या वर्षी बाहेरून आणलेल्या इंधनाचे बिल होते सुमारे ९६ अब्ज. म्हणजे जवळजवळ सगळी तूट चुलीची. प्रवाशांचा पैसा, परदेशातील कंत्राटे आणि कर्ज यांवर ती भागविली जाते. ती भागत नाही तेव्हा लिरा घसरतो आणि महागाई घराघरांत शिरते. त्याच ऑक्टोबरात सरकारी आकड्यांनुसार महागाई शेकडा ८५ वर गेली होती. एका हाताने युरोपची पेठ धरून ठेवणे आणि दुसऱ्या हाताने रशिया व इराण यांचा नळ सोडू न देणे, ही तुर्कस्तानची कसरत पुष्कळांना चतुराई वाटते, काहींना बेइमानी वाटते. आम्हांस ती एका कर्जबाजारी, पण मोक्याच्या जागी दुकान असलेल्या गृहस्थाची ओढाताण वाटते.

व्यापार मैत्री घडवीत नाही, हे सीरियाने दाखविले. तो भांडणाला मर्यादा घालतो, हे रशियाच्या वायूने दाखविले. मात्र ही मर्यादा मोठ्यांच्या सोयीने आखली जाते, हे अंताल्याच्या टोमॅटोने आणि कार्सच्या बंद रेल्वेने दाखविले. उद्या वर्तमानपत्रात कोणत्याही दोन देशांचे व्यापारयुद्ध वाचनात आले तर श्रोत्यांनी एवढेच पाहावे : यादीत कोणता माल आहे, आणि कोणता माल यादीतून हळूच वगळला आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा त्या यादीतून अधिक कळते.